पैनगंगेपलीकडचे सहा महिने

पैनगंगा हिंगोली जिल्ह्याच्या उत्तर अंगाने वाहते आणि बऱ्याच अंतरापर्यंत तीच जिल्ह्याची हद्द आहे. अलीकडे कळमनुरी, पलीकडे पुसद आणि उमरखेड. आज दोन्ही काठ एकाच राज्यात आहेत आणि त्यांचा मोठा पट्टा ईसापूर धरणाच्या पाण्याखाली गेला आहे. १९४८ साली मात्र हे पाणी ओलांडले की माणसाचे सरकार बदलत असे. अलीकडचा परभणी जिल्हा, ज्यात तेव्हा हिंगोली होती, तो निजामाचा. पलीकडचे वऱ्हाड हिंदी संघराज्याचे. त्यातही गंमत अशी, की हे वऱ्हाड कागदोपत्री निजामाचेच होते. हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३ साली ते इंग्रजांच्या हवाली झाले आणि १९०२ साली कायमच्या पट्ट्याने गेले. त्या फौजेची एक छावणी खुद्द हिंगोलीत होती. म्हणजे हिंगोलीच्या छावणीचे बिल चुकवताना निजामाने जो मुलूख गमावला, तोच पुढे हिंगोलीच्या माणसांना निजामापासून पळून जायला उपयोगी पडला. इतिहासाला असले हिशेब आवडतात, असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्या काठावरून पळालेल्यांचा स्वतःचा हिशेब मात्र पन्नास वर्षांनंतरही जुळला नव्हता, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

७ ऑगस्ट १९४७ ला हैदराबाद स्टेट काँग्रेसने स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली ‘हिंदी संघराज्यात सामील व्हा’ हा दिन पाळला आणि तिथून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत साधारण तेरा महिने हा संघर्ष चालला. मधे २९ नोव्हेंबर १९४७ चा निजाम आणि हिंदी सरकार यांच्यातला जैसे थे करार झाला, पण गावपातळीवर काहीच जैसे थे राहिले नाही. शिंदीची झाडे तोडली गेली, करोडगिरीची नाकी जाळली गेली, आणि निजामाची बाजू लढवणाऱ्या कासीम रझवीच्या रझाकार संघटनेचा धुमाकूळ महिन्यागणिक वाढत गेला. सरहद्दीच्या पलीकडे कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले. नांदेड-हिंगोलीच्या बाजूला उमरखेडचा कॅम्प हे त्यातले ठळक नाव. पण नदी ओलांडणारे सगळेच कॅम्पातले नव्हते. कुणी बंदूक घेऊन गेला, कुणी बंदूकवाल्यांना भाकरी दिली म्हणून गेला, आणि कुणी शेजारच्या गावाचा धूर बघून लेकराबाळांसह गेला. तेव्हा या तिघांना वेगळे करण्याची कुणाला गरज वाटली नाही. पलीकडच्या काठावर कुणी त्यांच्याकडे पुरावा मागितला नाही.

पुरावा मागितला तो आपल्याच सरकारने, पाव शतकानंतर. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात, १५ ऑगस्ट १९७२ पासून, केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले. १ ऑगस्ट १९८० पासून उत्पन्नाची अट काढून त्याला ‘स्वतंत्रता सैनिक सन्मान’ असे नाव दिले. सहा महिने तुरुंग भोगलेल्याचे काम त्यात तुलनेने सोपे होते, कारण तुरुंगाला नोंदवही असते. भूमिगताची व्याख्या मात्र बारकाईने वाचावी अशी आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ भूमिगत असलेला, आणि ज्याला सरकारने फरार घोषित केले होते, किंवा ज्याच्या अटकेसाठी बक्षीस लावले होते, किंवा ज्याच्या स्थानबद्धतेचा हुकूम निघाला पण बजावता आला नाही, असा माणूस. तिन्ही अटींत ‘सरकार’ म्हणजे निजामाचे सरकार. ज्याच्यापासून पळालो त्याने आपल्या पळण्याची दखल घेतल्याचा दाखला आणा, असे हे मागणे आहे. छळ झालेल्यांसाठीही एक कलम होते: शिक्षा म्हणून दहा फटके खाल्लेला माणूस पात्र. पण ती शिक्षा ‘सुनावलेली’ हवी. चावडीपुढे बांधून, काही न सुनावता, काही न लिहिता मारलेले फटके मोजणार कोण?

माझे म्हणणे एवढेच आहे, की हिंगोली, नांदेड, परभणी, बीड या जिल्ह्यांतून नाकारलेल्या दाव्यांवर पुन्हा पुन्हा ज्या रिट याचिका झाल्या, त्यांचे मूळ अर्जदारांच्या चिवटपणात किंवा वकिलांच्या फीमध्ये शोधू नये. ते या मागण्यातच आहे. पळणे यशस्वी झाले याचा अर्थच असा, की कागद झाला नाही. जो पकडला गेला त्याची नोंद झाली. जो निसटला त्याची झाली नाही. आणि कायदा निसटलेल्याला विचारतो, नोंद कुठे आहे?

आता ही नोंद असलीच तर कुठे असेल, ते जरा जवळून पाहू. कळमनुरी तालुक्यातल्या एखाद्याच्या नावे १९४८ च्या जानेवारीत वॉरंट निघाले असे धरू. ते उर्दूत असणार, कारण निजामाच्या राज्याचा कारभार उर्दूत चाले. त्यावरची तारीख फसली सनाची असणार: १३५७ फसली, आणि महिना बहमन किंवा इस्फंदार असा काही. सहा महिने मोजायचे तर आधी ही तारीख इंग्रजी कॅलेंडरवर आणायला हवी. मग तो कागद सापडायला हवा. १९५६ च्या १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला, राजधानीतली दप्तरे बव्हंशी हैदराबादेत राहिली. १९६० साली महाराष्ट्र झाला. १ मे १९९९ ला हिंगोली परभणीपासून वेगळी झाली आणि चालू फायलींना आणखी एक प्रवास घडला. एका माणसाच्या सहा महिन्यांचा पुरावा एका भाषेत, दुसऱ्या पंचांगात आणि तिसऱ्या राज्यात. आणि अर्ज करणारा बहुधा सत्तरीचा, उर्दू न येणारा. शासनालाही हे दिसत होतेच. म्हणून पळवाट ठेवली होती: अभिलेख उपलब्ध नाही असा राज्य सरकारचा दाखला आणायचा, आणि ज्याने स्वतः किमान दोन वर्षे तुरुंग भोगला अशा मान्यवर स्वातंत्र्यसैनिकाने ‘मी याला ओळखतो’ असे प्रमाणपत्र द्यायचे. महाराष्ट्र शासनाने ४ जुलै १९९५ च्या निर्णयाने राज्याच्या पेन्शनीसाठी अशाच धर्तीचे निकष घातले: घर सोडून राहावे लागल्याचा, शिक्षण सुटल्याचा किंवा पोलिसांच्या मारहाणीने अपंगत्व आल्याचा पुरावा, दोघा जाणकारांची शपथपत्रे, त्या काळातला कागद. मारहाणीच्या निकषाकडे पुन्हा एकदा बघा. मार खाल्ला आणि हाड वाकडे राहिले तर पुरावा. गावच्या वैदूने ते नीट जुळवले असेल, तर काही घडलेच नाही.

आणखी एक साधे गणित आहे, ज्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान शरण आले आणि पलीकडची माणसे घरी परतू लागली. त्या दिवशी सहा महिने पूर्ण व्हायचे तर माणूस १७ मार्चच्या आधी घरातून निघालेला हवा. रझाकारांचा जाच शिगेला पोचला तो त्या साली उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात. म्हणजे जुलूम सर्वांत जास्त असताना जे पळाले, ते नियमाने अपात्र. भारतीय फौजांची ‘पोलीस कारवाई’ पाच दिवसांत आटोपली म्हणून ज्यांचे सहा महिने भरले नाहीत, अशी ही मंडळी. लढा लवकर जिंकला हा त्यांचा दोष झाला. साहजिकच अर्जांमधले महिने मागे सरकू लागले. ‘जूनमध्ये गेलो’ म्हणणाऱ्याला कुणीतरी सांगितले असणार, की ‘फेब्रुवारी लिहा’. इथून पुढे खऱ्या माणसाच्या कहाणीतही एक खोटी तारीख शिरते, पहिल्या अर्जात एक महिना आणि दुसऱ्यात दुसरा असे होते, आणि विसंगती आहे म्हणून दावा फेटाळायला समितीला आयते कारण मिळते.

समिती म्हणजे जिल्ह्यातली गौरव समिती, तिच्यावर राज्याची उच्चाधिकार समिती. फेटाळल्यावर उरतो तो घटनेच्या २२६ व्या कलमाखालचा रिट अर्ज. १९८१ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबादला बसू लागले आणि हिंगोलीच्या माणसाला हा दरवाजा एका दिवसाच्या एसटी प्रवासावर आला. पण हा दरवाजा कसा उघडतो, ते समजून घ्यायला हवे. रिटमध्ये न्यायालय साक्षी घेत नाही. माणूस खरोखर मार्चमध्ये पैनगंगा उतरला की जूनमध्ये, हे ते ठरवत नाही. आदेशात कारणे दिली आहेत का, दाखल कागद विचारात घेतले का, नियम नीट लावला का, एवढेच पाहते. चूक दिसली तर आदेश रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवते. समिती त्याच कागदांवर, या वेळी चार ओळी जास्त लिहून, पुन्हा फेटाळते. नवा आदेश म्हणजे नवी याचिका. ज्याला तथ्य तपासण्याचा अधिकार आहे तो माणसाचे ऐकत नाही आणि जो ऐकतो त्याला तथ्य तपासता येत नाही. या दोघांच्या मधे फाईल फिरत राहते. तिला ‘वारंवार याचिका’ म्हणणे म्हणजे बैलाने घाण्याभोवती फेऱ्या मारल्या म्हणून त्याला भटक्या म्हणण्यासारखे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने हा घाणा थांबवायचा प्रयत्न केला नाही असे नाही. १९९३ च्या मुकुंदलाल भंडारी प्रकरणातले अर्जदार १९३८-३९ च्या हैदराबादेतल्या आर्य समाजी सत्याग्रहाचे होते, म्हणजे आपल्याच भूमीतल्या आधीच्या पिढीच्या लढ्याचे. अर्ज उशिरा आला म्हणून नाकारता येणार नाही, आणि पेन्शन अर्जाच्या तारखेपासून द्यावी, मग पुरावा त्या वेळी जोडलेला असो वा मागाहून आलेला, असे न्यायालयाने म्हटले. २००१ च्या गुरदयाल सिंग प्रकरणात त्याहून महत्त्वाचे सूत्र आले: असा दावा फौजदारी खटल्यासारखा निःसंशय सिद्ध करायला लावू नये, शक्यतेच्या तराजूत तोलावा. जमेल तेवढ्या पुराव्याने ‘हे घडले असण्याचा संभव जास्त’ असे दिसले तरी पुरे. ही दोन्ही वाक्ये पुढच्या बहुतेक याचिकांत उद्धृत झाली. ती परत परत उद्धृत करावी लागली, यातच समित्यांनी ती किती मनावर घेतली याचे उत्तर आहे.

आता समोरची बाजू. ती हलकी नाही. बीड जिल्ह्यात बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे जे प्रकरण निघाले त्याने साऱ्या मराठवाड्याला मान खाली घालायला लावली. ज्यांची वये लढ्याच्या वेळी पाळण्यातली ठरावीत अशांपर्यंत संशय गेला, चौकशा झाल्या, पेन्शनी बंद झाल्या, आणि फसवणुकीने मिळवलेला लाभ कुठल्याही आदेशाच्या आडोशाने टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली बीडच्याच प्रकरणात बजावले. तेव्हापासून ‘बोगस’ हा शब्द गौरव समितीच्या दारात कायमचा बसला. पुरावा सैल केला तर लुच्चे घुसतील, हा आक्षेप म्हणूनच गंभीरपणे घ्यायचा. पण बीडचे प्रकरण नीट पाहिले तर ते उलट दिशेला बोट दाखवते. तिथल्या बनावट अर्जदारांकडे कागद नव्हते असे नाही. कागद होते म्हणून तर पेन्शन मिळाली. प्रमाणपत्रे होती, शपथपत्रे होती, शिक्के होते. कागदाची अट जितकी कडक, तितका कागद तयार करणाऱ्याचा भाव चढतो. खोट्या माणसाला हवा तो कागद हवा त्या तारखेचा मिळतो, कारण त्याला तो नव्यानेच बनवायचा असतो. खऱ्याला मात्र घडलेलाच कागद लागतो, आणि तो नाही. दोन वर्षांच्या तुरुंगाची अट पुरी करणारे नेते मोजके होते, एकेक करून जात होते, आणि जे उरले त्यांच्याच सहीची प्रमाणपत्रे गठ्ठ्याने येऊ लागली. गठ्ठा दिसला की समिती सगळ्यांवरच शंका घेणार. खऱ्या-खोट्याचा निवाडा करायचा तर माणसाला समोर बसवून विचारावे लागते: नदी कुठे उतरलात, पाणी किती होते, पलीकडे पहिले गाव कोणते लागले, कॅम्पात स्वयंपाक कोण करी? बनवलेल्या कागदाला अशा प्रश्नांची उत्तरे येत नाहीत. हे काम तालुक्याच्या गावी दोन दिवसांत होण्यासारखे होते. त्याऐवजी ते वीस वर्षे औरंगाबादच्या फेऱ्यांवर सोडले गेले.

दुसरा आक्षेप अंतिमतेचा. कज्जा कधीतरी संपला पाहिजे. एकाच गोष्टीवर माणूस पुन्हा पुन्हा न्यायालयात येऊ लागला तर व्यवस्था चालणार कशी? खरे आहे, आणि म्हणूनच त्याचे औषध कायद्यात आधीपासून आहे. प्राङ्न्यायाचे तत्त्व, म्हणजे एकदा निकाल लागला त्यावर पुन्हा दाद नाही, हे रिट अर्जांनाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच दर्याव प्रकरणात स्पष्ट केले. एखादी दुसरी-तिसरी याचिका तरीही ऐकली जाते, ती पहिल्या वेळी निवाडा झालाच नव्हता म्हणून. आदेश होता, निवाडा नव्हता. अंतिमता हवी असेल तर ती पहिल्या सुनावणीत कमवावी लागते.

हा प्रश्न एकट्या मराठवाड्याचा नाही. १९५१ च्या निर्वासित करारानंतर जगभर आश्रय मागणाऱ्यांचे जे दावे चालतात, त्यांची ठेवण हुबेहूब हीच आहे: पळून आलेला माणूस, छळणाऱ्याच्या ताब्यातला पुरावा, कहाणीतल्या विसंगतीवर बोट ठेवणारा अधिकारी, आणि तथ्यात न शिरता प्रकरण परत पाठवणारे न्यायालय. कॅनडात निर्वासित मंडळाने नाकारलेला दावा संघीय न्यायालयात जातो तेव्हा तेही बहुधा आदेश रद्द करून नव्या सुनावणीला धाडते. औरंगाबादच्या वकिलाला तिथे परके वाटणार नाही. अमेरिकेत तर एकाच माणसाला दोन मापे लागतात. आश्रयासाठी छळाची भीती साधार असली की पुरे, ती निम्म्याहून जास्त संभवाची असण्याची गरज नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली म्हटले. पण संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी कराराखाली संरक्षण हवे असेल तर छळ होण्याचाच संभव जास्त आहे, हे दाखवावे लागते. शरीरावरच्या खुणा कशा वाचाव्यात यासाठी संयुक्त राष्ट्रांकडे १९९९ साली सादर झालेली इस्तंबूल नियमावली आहे. तिचे एक महत्त्वाचे सांगणे हेच, की खूण उरली नाही म्हणजे छळ झाला नाही असे समजू नये. १९९५ च्या आपल्या निकषांच्या शेजारी ठेवून वाचावे असे ते आहे.

यावर तिसरा आक्षेप येईल, आणि मला तो सर्वांत प्रामाणिक वाटतो. पेन्शन आणि आश्रय यांची बरोबरी कशी होईल? एक मागे वळून केलेला सन्मान, दुसरा पुढच्या धोक्यापासून बचाव. पेन्शन नाकारली तर म्हातारा पैशाला आणि मानाला मुकतो. आश्रय चुकीने नाकारला तर माणूस थेट छळणाऱ्याच्या हाती जातो. फरक मान्यच आहे. पण तो कुणाच्या बाजूचा? जिथे चुकीची किंमत काही हजार रुपये, तिथेही आपल्या न्यायालयाने शक्यतेचा तराजू आणि उशिराच्या पुराव्याची मुभा मान्य केली. जिथे किंमत जिवाची, तिथे दुसऱ्यांदा ऐकण्याचे कारण वाढते. आणि इथे आपल्या देशाची स्थिती अवघडलेली आहे. भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही. छळविरोधी करारावर १९९७ साली सही केली, पण त्याला मंजुरी दिलेली नाही. १९९६ साली चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या २१ व्या कलमाचे, म्हणजे जीविताच्या हक्काचे, संरक्षण परदेशी माणसालाही आहे असे सांगितले. तेवढ्या एका कलमावर आश्रितांचे बहुतेक दावे उभे आहेत. ज्या देशात हैदराबादेतून पळालेल्यांसाठी कॅम्पांच्या याद्या झाल्या, समित्या झाल्या, निकष झाले, तिथे आज पळून येणाऱ्यासाठी फेटाळला जाईल असा अर्जसुद्धा कायद्याने ठरलेला नाही.

पण निकषांचीही एक दुसरी कड आहे. १७ सप्टेंबरनंतर पळणाऱ्यांची दिशा उलटली. पोलीस कारवाईनंतरच्या सूडसत्रात मराठवाड्यातले मुसलमान गाव सोडून निघाले. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांनी १९४८ च्या अखेरीस फिरून केलेल्या अहवालात मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत हिंगोलीच्या शेजारचे नांदेड घातले. उरलेले तीन उस्मानाबाद, बीदर आणि गुलबर्गा. हा अहवाल २०१३ पर्यंत बंदच होता. त्या माणसांसाठी सहा महिन्यांची अट नव्हती, दोन साक्षीदारांची नव्हती, गौरव समिती नव्हती, रिट नव्हती. दावा करायला रकानाच नव्हता, म्हणून तो कुणी फेटाळलाही नाही. आणि ज्याच्या संघटनेमुळे दोन्ही बाजूंचे हे पळणे सुरू झाले तो लातूरचा वकील कासीम रझवी १९५७ साली तुरुंगातून सुटला, अठ्ठेचाळीस तासांत देश सोडण्याचे कबूल करून पाकिस्तानात गेला, आणि तिथे त्याला आश्रय मिळाला.